काही त्रास नाही, साहेब

१४ जानेवारी, रविवार

बँकेने नव्या वर्षाची डायरी फुकट दिली. माझ्या बायकोला, शेवंतीला, तिच्यात लोणच्या-पापडाच्या कृती उतरवायच्या होत्या, मी आधी उचलली. ती बोलली, "आता म्हातारपणी काय पोथी लिहिणार?" पोथी नाही बाई. फौजेत हवालदार होतो, तोफखान्यात. रोजचा रिपोर्ट लिहायची सवय अंगात मुरलीये. आणि या वर्षी मी एक मोहीम हातात घेतलीये, तिचा रिपोर्ट कुठेतरी पाहिजेच.

मोहीम म्हणजे सूरज. माझा पुतण्या. थोरला भाऊ खेडला गावी वारला तेव्हा पोरगं शाळेत होतं, आम्ही इथे गोडदेवला आणून वाढवलं. आम्हाला स्वतःचं मूल नाही. माझं बघून तोही फौजेत गेला. मे अखेर सुटतोय. दोन वर्षांपूर्वी वरच्या पोस्टवर बर्फात पाठीवर रॉकेलचा डबा घेऊन चढताना घसरून नाल्यात पडला. तिथल्या दवाखान्यात गोळ्या दिल्या, मलम दिलं, नोंद कुठेच नाही. तेव्हापासून कंबर गेलीये. पायात मुंग्या येतात, उकिडवं बसता येत नाही.

आता मार्चमध्ये त्याची सुटण्याआधीची तपासणी आहे. तिथे डॉक्टर विचारतो, काही त्रास? तिथे बोललास तर कागदावर येतं की जखम नोकरीतली. मग उपचार, अपंगत्वाचं पेन्शन, सगळं मागोमाग येतं. तिथे गप्प बसलास की मेलास. पुढे कोण विश्वास ठेवतो? तर या पोराला तिथे तोंड उघडायला लावायचं, ही मोहीम.

आज मंडळाच्या खोलीत आमच्या माजी सैनिकांची बैठक होती. मी खड्या आवाजात सांगितलं, लवकर सांगा, लवकर अर्ज करा, लाजू नका. पोरं ऐकत होती. मग कोणीतरी बोललं, सदूभाऊ, तुमचा तो किस्सा सांगा. सांगितला. सुटताना माझी कानाची तपासणी होती. डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळूच आकडे कुजबुजतो, आपण मोठ्याने म्हणायचे. तोफांनी तेव्हा जरा दडे बसले होते कानांना. पण समोर दापोलीचा नर्सिंगवाला उभा, आपला माणूस! तो छातीवर बोटं धरून आकडे दाखवत होता. मी धडाधड सगळे बरोबर. डॉक्टर खूश. "कोई तकलीफ?" मी टाच आपटली, "कोई तकलीफ नहीं, साहब!" खोलीत हसून हसून पोरांचे डोळे पाण्याने भरले. आपला किस्सा कधी वाया जात नाही.

२१ जानेवारी, रविवार

सूरज महिन्याच्या सुट्टीवर आला. त्याची बायको संचिता इथेच दोन गल्ल्या सोडून राहते, पण पहिलं जेवण आमच्याकडेच. शेवंतीने कोंबडी-वडे केले. पोरगं पाटावर बसायला तयार नाही. खुर्चीवर बसलं तेही एका कुल्ल्यावर.

मी विषय काढला. तो बोलला, "काका, तपासणीत बोललो तर डीएससी गेली." डीएससी म्हणजे सुटलेल्या जवानांना परत वर्दी देणारी नोकरी, फौजेच्या डेपोंवर पहाऱ्याची. तिथे माणूस धडधाकट लागतो. "कंबरेचं काय, पट्टा बांधला की झालं."

"पट्टा बांधून म्हातारा होणार का?"

"मग वर्दी काढून काय होऊ? बेव्हर्ली पार्कात गेटवर उभा राहू?"

बेव्हर्ली पार्कात गेटवर मी उभा राहतो. सोसायटीचा सिक्युरिटी सुपरवायझर. पोराच्या लक्षात आलं, मान खाली घालून तो बोलला, "तसं नाही काका. तुम्हीसुद्धा नाही का, टाच आपटून..."

"माझं वेगळं. मला काय झालं होतं?"

शेवंती स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली आणि सूरजने माझ्याकडे बघितलं. हल्ली या घरात सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही.

३० जानेवारी, मंगळवार

सोसायटीचे सेक्रेटरी आज सगळ्या गाड्यांसमोर माझ्यावर ओरडले. "घोसालकरजी, इंटरकॉम क्यूं नहीं उठाते? मेरी वाइफ कब से रिंग दे रही है!" मी बोललो, साहब, वाजलाच नाही. इंटरकॉम जुना आहे, तारा उंदरांनी खाल्ल्या असतील. वायरमन येऊन गेला, म्हणे सगळं ठीक आहे. त्याला काय, बघितल्यासारखं केलं आणि गेला.

४ फेब्रुवारी, रविवार

आज ब्रह्मास्त्र काढलं. सूरजला घेऊन स्टेशनच्या वेस्टवरून डोंगरी कोळीवाड्याची बस पकडली, जानूकडे. जानू माझ्याच रेजिमेंटचा, तिथल्या कोळ्यांतला. बर्फात त्याच्या पायाची बोटं जळाली होती. सुटताना तोही गप्प बसला. डीएससी मिळाली, तिथे बूट घालून उभा राहिला. मग बोटं काळी पडली, मग पाऊल कापलं.

ओट्यावर बसला होता, कुबडी भिंतीला. बायको मासळी घेऊन बाजारात गेली होती.

"ये रं सद्या. ह्योच काय तुजा पोर?"

मी बोललो, याला जरा तुझ्या तोंडाने सांग. जानू हसला नाही. "काय सांगू? मी पन आसाच बोललो व्हतो, न्हाय साहेब, कायपन न्हाय. बोटं तवाच सुन्न व्हती. आता पाय कापला, पन त्यांच्या कागदावं मी आजून फिट हाय."

सूरजने विचारलं, "अर्ज नाही केला, मामा?"

"केला की. ते बोलतात, तवा का न्हाय बोललास? बराबर हाय त्यांचा. तवा का न्हाय बोललो?" मग सूरजचा हात धरून बोलला, "सांग रं बाबा. लाज नको धरूस."

जानूने लुंगी वर करून पाय दाखवला. सूरज बघत राहिला. माझ्या मनात आलं, लागला बाण.

६ फेब्रुवारी, मंगळवार

बाण लागलाच होता. पण पोरगं आमचंच, सरळ कसं वागेल?

संध्याकाळी आला, माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलला, "काका, ठरलं. मी सांगतो कंबरेचं. पण एक अट. तुम्ही तुमच्या कानांचा अर्ज भरायचा. आपण दोघांनी मिळून."

मी बोललो, "माझ्या कानांना काय धाड भरलीये?"

शेवंती बाहेर आली, पदर खोचून. "अहो, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावरचे ऐकतात. दाराची बेल तुम्हाला..."

माझं डोकंच फिरलं. मी बोललो, या हातांनी तोफा डागल्यात, पहाड हलवलेत, मला बहिरा म्हणता? ज्याला गरज आहे त्याने अर्ज करावा. धडधाकट माणसाने सरकारपुढे हात पसरायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. आणि तुझी कंबर आणि माझे कान यांचा संबंध काय? मोठा आला अटी घालणारा!

सूरज उठला. उठताना टेबलाला धरून उठला. "बरोबर आहे काका," एवढंच बोलला. मीही जरा जास्तच चढलो असेन. पण बोललो ते चूक नव्हतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

सूरज परत गेला. बॅग मी उचलली, त्याला उचलू दिली नाही. रिक्षात बसताना विचारलं, "सांगणार ना?" तो बोलला, "बघतो." फौजेत बघतो म्हणजे नाही. पण तपासणीआधी फोनवर नीट समजावीन. अजून हातात दिवस आहेत.

१३ मार्च, बुधवार

काय नशीब आहे बघा. आज सकाळी सूरजची तपासणी. काल सारखा फोन करत होतो, त्याला नेटवर्क नाही. संध्याकाळभर गेटच्या केबिनमध्ये फोन खिशात घेऊन बसलो, त्याचा येईल म्हणून. घरी येऊन बघतो तर सूरजचेच मिस्ड कॉल, एकाखाली एक. खिशात होता हो फोन! छातीशी! वाजलाच नाही. हलला असेल तर जाड युनिफॉर्म, स्वेटर, कळलं नाही.

लगेच लावला, बंद. सकाळी लावला, बंद. हॉस्पिटलात फोन बाहेर जमा करून घेतात.

दुपारी त्याचा आला. स्पीकरवर टाकून कानाला लावला. "काका, एकदम फिट! शेप-वन!" म्हणजे पहिल्या नंबरचा धडधाकट. मी विचारलं, कंबरेचं बोललास? तो बोलला, "टाच आपटली, काका. तुमच्यासारखी." आणि हसला.

संचिता पेढे घेऊन आली. तिला काय माहीत? मी एक खाल्ला. दुसरा नको म्हणालो. शेवंतीने तर हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला आणि देवाजवळ जाऊन बसली. मला वाटतं एक फोन लागला असता तर पोराने ऐकलं असतं. एवढ्यासाठीच तो करत होता ना? माझी मोहीम एका सडक्या फोनने बुडवली.

१४ मार्च, गुरुवार

स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याला फोन दाखवला. त्याने स्वतःच्या फोनवरून रिंग दिली आणि बोलला, "चाचा, रिंग तो फुल है. पूरी दुकान सुन रही है." मी बोललो, अरे, मग परसों क्यूं नहीं बजा? तो नरमाईने बोलला, "चाचा, वो बगल में कान की मशीन वाला है, एक बार..."

चोर साला. बाजूच्या दुकानदाराकडून कमिशन खात असणार. फोन घेतला आणि निघालो.

२ जून, रविवार

सूरज सुटून घरी आला. पोरांनी गल्लीत ढोल लावला, हार आणले, बॅनरवर त्याचा वर्दीतला फोटो. ढोलवाले नवशिके वाटले, काठी जोरात पडतच नव्हती. पण सूरजचा चेहरा बघण्यासारखा होता.

घरात आल्यावर माझ्या पाया पडायला वाकला. अर्ध्यावर थांबला. हात भिंतीला गेला, कपाळावर घाम. ना खाली जाता येईना ना वर. सगळे बघत होते. मी त्याला काखेत धरून उभा केला आणि बोललो, "पुरे रे, पोचला नमस्कार." सगळे हसले.

मी त्याला बोललो, अजूनही वेळ आहे, आत्ताच अर्ज घालू. तो बोलला, "आधी डीएससी होऊ दे." पट्टा त्याने आणखी आवळलाय. शर्टावरून दिसतो.

२२ ऑगस्ट, गुरुवार

संपलं.

डीएससीच्या भरतीत परत तपासणी होती. तिथे त्यांनी वाकायला लावलं, पाय उचलायला लावला. मग मशिनमध्ये घालून कंबरेचा फोटो काढला. मणके घसरलेत, नस दबलीये. अनफिट. तिथल्या डॉक्टरने विचारलं म्हणे, ये कब से है? सूरज बोलला, नौकरी में गिरा था. डॉक्टर बोलला, तुम्हारे कागज़ में तो कुछ नहीं है.

डीएससीसाठी लपवलं आणि डीएससीच गेली. याच्यापेक्षा वाईट काय असतं मला माहीत नाही. मार्चमध्ये बोलला असता तर डीएससी गेली असती, पण हातात काहीतरी उरलं असतं. आता धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

संचिता आमच्या दारात बसून रडली. "काका, तुम्ही एवढ्या लोकांना समजावता, याला का नाही समजावलंत?" मी काय सांगणार? जीव तोडून समजावलं गं बाई. माझं कोणी ऐकतच नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

अर्ज घातला. मशिनचे फोटो लावले. पडला तेव्हा बरोबर असलेल्या एका जवानाला मी फोन केला, साक्ष दे म्हणून. सूरज बाजूला बसून त्याचं बोलणं मला परत सांगत होता, लाइन खराब होती. तो जवान अजून नोकरीत आहे. बोलला, काका, मुझे माफ करो, मेरा भी मेडिकल आनेवाला है. म्हणजे तोही काहीतरी लपवून बसलाय.

सोसायटीत नवीन व्यवस्था झाली. मला मागच्या गेटवर पाठवलं. तिथे फक्त कचऱ्याची गाडी येते, इंटरकॉम नाही. पुढच्या गेटवर माझ्या खुर्चीत सूरजला बसवलं. मीच शब्द टाकला होता. सेक्रेटरी खूश आहेत, पहिल्या रिंगला उचलतो म्हणाले. शिफ्ट संपली की तो पटकन उठू शकत नाही. आधी दोन्ही हात टेबलावर टेकतो, मग दात आवळतो, मग उठतो. मी मागच्या गेटवरून येऊन बाजूला उभा राहतो, पण हात लावलेला त्याला चालत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काल उत्तर आलं. अर्ज नामंजूर. निवृत्तीच्या वेळी अर्जदार पूर्ण निरोगी, स्वतः कोणतीही तक्रार नसल्याचे सांगितले, सबब आजाराचा सेवेशी संबंध नाही. जानूचं उत्तरही थोड्याफार फरकाने याच शब्दांत होतं. वकील बघून अपील करता येतं. जानूचं अपील अजून कुठेतरी पडून आहे. त्याला आता कुबडीसुद्धा जड होते.

आज सूरज आला. शेवंती आत भाकऱ्या थापत होती. मी बोललो, बेटा, माझंच चुकलं. तो फोन त्या संध्याकाळी वाजला असता तर ही वेळ आली नसती. त्या मोबाइलवाल्याने धड दुरुस्त केला नाही, अजून तसाच आहे, कधी वाजतो कधी नाही.

सूरजने विचारलं, "काका, मी तेव्हा का फोन करत होतो, माहितीये?"

"का?"

"तुम्ही अर्ज भरतो म्हणाला असतात, तर आत जाऊन सांगणार होतो. शेवटचं विचारायला करत होतो."

मी बोललो, तेच ते, फोन लागला असता तर मी तुला नीट समजावलं असतं. माझा फोन आमच्या मधे टेबलावर पडला होता, पालथा. सूरजचे हात टेबलाखाली होते. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळे न हलवता. मला वाटलं कंबरेत कळ आली असेल.

एवढ्यात शेवंती पिठाच्या हातांनी बाहेर आली. "अहो, कधीचा बोंबलतोय तो, घ्या की!" आणि तिने फोन उलटा केला. त्यावर दिवा लागला होता, सूरजचं नाव होतं. सूरज तर समोर बसलेला. त्याने टेबलाखालून स्वतःचा फोन वर काढला आणि बंद केला. माझ्या फोनवरचा दिवा विझला.

मग तो रडायला लागला. बाप गेला तेव्हाही असा रडला नव्हता. शेवंती पिठाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवून उभी राहिली, तीही रडत होती. मला दोघांचं बघवेना. मी बोललो, "अरे जवान, रडतोस काय? अपील करू. मी आहे ना?" त्याने मान हलवली.

एवढ्या एका नामंजुरीने पोरगं मोडलं. फोनही आता बदलायलाच पाहिजे.

२२ डिसेंबर, रविवार

मंडळाच्या खोलीत बैठक. नवीन पोरं आली होती, दोघांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मी ठरवून गेलो होतो की यांना तरी वाचवायचं. जानूचा पाय सांगितला, नाव न घेता सूरजची कंबर सांगितली. लवकर सांगा, लवकर अर्ज करा, लाजू नका. बोलता बोलता मीच रुमाल काढला.

मग पुढच्या पोराने काहीतरी विचारलं. मी हात कानामागे नेला, त्याने परत विचारलं. बाकीचे माझ्याकडे बघून छातीवर बोटं धरून दाखवायला लागले, दोन, सात, पाच. तेव्हा कळलं, किस्सा मागतायत. आज सांगायचं मनात नव्हतं. पण पोरं एवढ्या हौसेने बघत होती, आणि बैठक रडकी झाली होती. सांगितला. शेवटी टाचसुद्धा आपटली.

हसले असावेत. सगळ्यांची तोंडं उघडी होती, खांदे हलत होते, एक जण मांडीवर थाप मारत होता. सूरज मागे दाराला टेकून उभा होता, कंबरेवर हात ठेवून. त्याचं तोंड मिटलेलं होतं. मी त्याला हात केला, तोवर तो बाहेर पडला होता.